विसावा अंगाचा, विसावा मनाचा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यानिमित्त भामरागड येथे झालेल्या हरिनाम सप्ताहात, सायंकाळच्या हरिपाठानंतर केलेले भाषण)





आम्ही कीर्तनकार नाही. आरोग्य खात्यात, हिवतापासाठी बोटातलं रक्त काचपट्टीवर घेत आणि गोळ्या वाटत आमची नोकरी सरली. आषाढी जवळ आली की रजा टाकायची आणि दिंडीत पाय ठेवायचा, एवढाच आमचा परमार्थ. तरी मंडळींनी सांगितलं की शताब्दीच्या सप्ताहात तुम्ही दोन शब्द बोला, आणि विषयही त्यांनीच दिला: झोप येत नाही, छाती धडधडते, डोकं शांत होत नाही, यावर औषधाशिवाय काही करता येतं का? कोणी म्हणतं शवासन करा, कोणी म्हणतं डोळे मिटून ध्यान करा. यातलं खरं काय, चांगलं काय? जे शिकलो आणि जे चुकलो ते दोन्ही आज सांगतो.

आपल्या वारीत एक सुंदर शब्द आहे, विसावा. पालखी दिवसभर चालते, पण एका दमात चालत नाही. ठरलेल्या जागी थांबते. पुण्याहून सासवडला निघालो की दिवेघाट चढायचा असतो. त्या दिवशी विसाव्याची किंमत कळते. पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघा. अंग थांबलेलं असतं, पण मन? घरी म्हैस व्यायली असेल का, पेरणी झाली असेल का, पोरानं खत आणलं असेल का! अंगाला विसावा मिळाला, मनाला नाही. उलटही होतं. कीर्तनात मन रंगून जातं, पण मान आणि खांदे ताठलेले ते ताठलेलेच, आणि रात्री दुखायला लागतात. म्हणून आम्ही म्हणतो, विसावे दोन आहेत. एक अंगाच्या वाटेनं जातो, दुसरा मनातल्या चित्राच्या वाटेनं.

आधी हा ताण येतो कुठून ते बघू. आपल्याकडे चैत्राच्या सुमारास पहाटे मोह वेचायला जंगलात जातात. टोपलं अर्धं भरलं आणि समोर अस्वल उभं राहिलं, तर काय होतं? काळीज जोरात धावतं, श्वास वर येतो, मांड्या-खांदे घट्ट होतात, तोंड सुकतं. पळायची नाहीतर झुंजायची ही अंगाची तयारी आहे. देवानं ती आपल्या रक्षणासाठी दिली आहे. अस्वल निघून गेलं की थोड्या वेळानं अंगही सैल पडतं. पण कर्जाचं अस्वल जात नाही, पोरीच्या लग्नाचं जात नाही. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला आणि घरात आजारी माणूस असलं, तर ते अस्वल रात्रभर उशाशी बसतं. अंग मात्र समजतं की ते समोरच उभं आहे. म्हणून घट्टच राहतं.

हे घट्ट अंग सैल करण्याची पहिली वाट अंगाची.

अमेरिकेत शिकागो शहरात एडमंड जेकबसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी 1929 साली यावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपलं अंग आवळलेलं आहे हे बऱ्याच माणसांना कळतच नाही, म्हणून त्यांना ते सोडताही येत नाही. त्यांनी एकेक स्नायू आवळायचा आणि मग सोडून द्यायचा, असा अभ्यास बसवला. आवळणं आणि सोडणं यातला फरक अंगाला कळला की सैल होणं जमतं. पुढच्या लोकांनी तो अभ्यास थोडक्यात आणला.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट जुनीच आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम उभारलं आणि योगाची तपासणी यंत्रं लावून सुरू केली. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या 47 रोग्यांना शवासन शिकवलं आणि 1969 साली त्याचा अहवाल छापला. बऱ्याच जणांचा दाब उतरला, आणि गोळ्या चालू असणाऱ्यांपैकी कित्येकांची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. इथे एक गोष्ट गाठीला बांधा: मात्रा डॉक्टरांनी कमी केली, रोग्यानं नाही.

दुसरी वाट मनातल्या चित्राची.

आता आम्ही नुसतं म्हणतो, कच्ची चिंच. मीठ लावलेली. दातानं करकर तोडलेली. बघा, तोंडाला पाणी सुटलं की नाही? इथे चिंच कुठे आहे! मनात चित्र आलं आणि अंगानं ते खरं मानलं. भीतीचं चित्र आलं तर छाती धडधडते. मग शांतीचं चित्र आणलं तर छाती का शांत होऊ नये? डॉक्टर लोक आता हेच करवून घेतात. डोळे मिटायला सांगतात आणि एखादी निवांत जागा दाखवतात. तिथला उजेड, तिथला वारा, तिथला वास, पायाखालची माती.

वारकऱ्याला हे नवं का वाटावं? भजनाला उभं राहिलो की आपण आधी काय म्हणतो? रूपाचा अभंग. देवाचं नुसतं नाव घेऊन भागत नाही, त्याचं रूप डोळ्यांपुढे उभं करतो. विटेवरचे समचरण, कमरेवरचे हात, गळ्यातली तुळशीमाळ. गर्दीत न जाता, पंढरपूर शेकडो कोस लांब असताना, इथे पर्लकोटेच्या काठी बसून आपण दर्शन घेतो. मानसपूजा म्हणजे तरी काय? आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक ध्यानाला पहाटे बसणारी माणसं तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव आहेत.

मग प्रश्न उरतो, दोन्हींत चांगलं कोणतं?

2021 साली परदेशातला एक अभ्यास छापून आला. 60 विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटाला स्नायू आवळून सोडायला शिकवलं, एकाला खोल श्वास, एकाला मनातलं चित्र, आणि एका गटाला काहीच दिलं नाही. ज्यांना काही ना काही शिकवलं होतं, त्या तिन्ही गटांना काही न केलेल्यांपेक्षा जास्त आराम वाटला. एकच वाट खरी आणि बाकीच्या खोट्या, असं काही निघालं नाही. पण ती तरणीताठी, धडधाकट पोरं होती. आपल्या दिंडीत सत्तरीची आजी आहे, पाठीचं ऑपरेशन झालेला भाऊ आहे, लेकरू गमावलेली माय आहे. सर्वांना एकच माप कसं बसणार? म्हणून कुणाला काय सोसतं, ते आमच्या अनुभवातून सांगतो.

ज्याच्या डोक्यात विचारांची भिरभिर आहे, त्याला आधी अंगाची वाट द्या. त्याला डोळे मिटून विठ्ठल बघ म्हटलं तर त्याला बँकेचा साहेब दिसतो. पण मूठ आवळ आणि सोड म्हटलं, तर ते त्याला जमतं. त्याला कल्पना लागत नाही, शिक्षण लागत नाही, भाषासुद्धा फार लागत नाही. आमच्या माडिया भावांना आम्ही हातवारे करून दाखवलं आहे आणि त्यांनी हसत हसत करून दाखवलं आहे.

पण हीच वाट प्रत्येकाला सोसत नाही. पिंडऱ्यांत गोळे येणाऱ्या वारकऱ्यानं पाय जोरात आवळला तर मुक्कामाला ओरडायची पाळी येते. नुकतं ऑपरेशन झालेलं, हर्निया असलेलं, सांधे सुजलेलं माणूस असेल तर आवळायचं नाही, नुसतं सोडायचं. आणि रक्तदाब असेल तर श्वास कोंडून जोर करायचा नाही.

जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याला हलवत नाही, त्याला चित्राची वाट द्या. सुई टोचून घ्यायच्या आधी, दवाखान्याच्या बाकावर वाट पाहताना, आलापल्लीच्या एस.टी.त उभं राहून धक्के खाताना ही वाट उपयोगी पडते, कारण तिला जागा लागत नाही. मात्र तिला सवय लागते. पहिल्या दिवशी चित्र ठरत नाही. काहींना तर डोळे मिटले की अंधारच दिसतो. घाबरू नका, त्यांचं काही बिघडलेलं नसतं. त्यांनी बघण्याऐवजी ऐकावं, मनात टाळ वाजू द्यावेत. नाहीतर बुक्क्याचा वास आठवावा.

या वाटेवर आमच्या हातून चूक झाली ती सांगतो. एका पावसाळ्यानंतर एका गावात पाच-सहा बायांना आम्ही डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, नदीकाठी बसला आहात, पाणी संथ वाहतं आहे, ऐका. आम्हाला वाटलं, नदीसारखं शांत काय असतं! त्यातली एक माय एकदम ताठ झाली, तिचे हात थरथरायला लागले. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "नदीचा नाव नोको घेऊ, बापू." मागून कळलं, तिचं माणूस पुरात गेलं होतं. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या तिन्ही नद्या भामरागडला भेटतात, आपण त्यांना हात जोडतो. पण एकाचा संगम तो दुसऱ्याचा घाव असतो, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही कुणाला चित्र देत नाही, विचारतो. "माय, तुला कुठं बरं वाटते?" ती माय पुढे आपणहून म्हणाली, घरामागच्या मोहाखाली. मग मोहच. कुणाला पंढरीचा कळस दिसेल, कुणाला माहेरचं अंगण, आमच्या माडिया भावाला त्याचं रान. सगळ्यांना विठ्ठलच दिसला पाहिजे असा आग्रह विठ्ठलाचाही नसावा. आणि ज्याला डोळे मिटले की नको ते दिसतं, त्यानं डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला लावून बसावं आणि अंगाच्या वाटेनं जावं.

माउलींकडे बघा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाचा अभ्यास सांगताना आधी जागा कशी असावी ते येतं, मग आसन, मग अंगाची ठेवण, आणि मनाच्या विसाव्याची गोष्ट त्यानंतर येते. आपल्या वारीचाही क्रम तोच नाही का? दिवसभर पाय चालतात, पावली होते, फुगडी होते, अंग घुसळून निघतं. मग मुक्कामाला हरिपाठ आणि कीर्तन, आणि मग रूप मनात ठरतं. आमच्या मते दोन्हींचं भांडण नाहीच. अंग हा उंबरठा आहे, मन हा गाभारा आहे. काही माणसं थेट गाभाऱ्यात जातात, त्यांना नमस्कार. आपण उंबरठ्यावरून जावं.

नामाचंही तसंच आहे. लांब चरण एका दमात म्हटला की श्वास आपोआप लांब सुटतो. इटलीतल्या संशोधकांनी 2001 साली दाखवलं की त्यांच्याकडची जपमाळेची प्रार्थना किंवा तिबेटी मंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो, आणि तेवढ्या संथ श्वासानं हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते. आपल्या संथ चालीच्या भजनात असंच काही होत असावं, असं आम्हाला वाटतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोकांचं आरोग्य राखणाऱ्या डॉक्टर अभय बंगांना स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला. पुढे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. आपण कसे धावत होतो, मग जेवण, चालणं, योगासनं, ध्यान हे सगळं कसं शिकलो, ते त्यांनी काही न लपवता सांगितलं आहे. अमेरिकेतले डॉक्टर डीन ऑर्निश यांनी 1990 साली एक प्रयोग छापला. त्यात 28 हृदयरोग्यांना साधं शाकाहारी जेवण, चालणं, तंबाखू बंद, आणि रोज अंग सैल करणं, श्वास, ध्यान आणि मनातलं चित्र असं सगळं एकत्र दिलं होतं. वर्षानंतर त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हृदयाच्या अरुंद झालेल्या नळ्या थोड्या मोकळ्या व्हायला लागल्या होत्या. त्यात शवासनाचा वाटा किती आणि जेवणाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण त्यांनीही अंग आणि मन दोन्ही घेतली, हे बघण्यासारखं आहे.

आता जे सांगायला जड जातं, ते सांगतो.

आमच्या दिंडीत एक माळकरी होते. नाव घेत नाही, जुन्या मंडळींना कळेल. घाट चढून विसाव्याला आलो आणि ते म्हणाले, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटते जी. घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. आम्ही काय केलं? आम्ही, खात्यात नोकरी करणाऱ्यांनी, त्यांना सावलीत निजवलं. अंग सैल सोडा म्हटलं, नाम घ्या म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलत होते. चेहरा शांत दिसला म्हणून आम्हालाही बरं वाटलं. अर्धा-पाऊण तास असाच गेला. मग धावपळ झाली, पण उशीर झाला होता. माळकरी गेले. लोक म्हणाले, वारीत मरण आलं, भाग्यवान. आम्हीही मान हलवली. पण तो पाऊण तास आजही रात्री आमच्या उशाशी येऊन बसतो. कदाचित ते तरीही गेले असते. पण नेण्याचा प्रयत्न आम्ही वेळेवर केला नाही, हे खरं आहे.

म्हणून हात जोडून सांगतो. छातीत दाबल्यासारखं होणं, घाम फुटणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यावर शवासन नाही, ध्यान नाही. 108 ला फोन, आणि मिळेल त्या गाडीनं दवाखाना. फोन लागत नसेल तर माणूस पळवा. नाम गाडीत बसून घेता येतं. विठ्ठल विटेवर अठ्ठावीस युगं थांबला आहे, तो दवाखान्याच्या दारापर्यंत नक्की थांबेल.

दुसरं, रक्तदाबाची, साखरेची, फिटची, मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर या अभ्यासावर भरोसा ठेवून ती सोडू नका. पावसाळ्यात आपला रस्ता बंद होतो. तेव्हा पाऊस लागायच्या आधीच ग्रामीण रुग्णालयातून नाहीतर हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यातून डॉक्टरांना विचारून जास्त दिवसांच्या गोळ्या घरात आणून ठेवा. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्याला नुसतं ध्यान कर म्हणून एकटं सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला दवाखान्यात घेऊन जा.

आणि तिसरं. कर्ज, दारू, घरातली मारहाण ही खरी अस्वलं आहेत. ती सैल पडून जात नाहीत. विसावा कशासाठी? पुढे चालायला बळ यावं म्हणून. विसाव्यालाच मुक्काम करणारी पालखी पंढरीला पोचत नाही.

आता सगळे मिळून दहा मिनिटं करून बघू. ज्यांना सोसेल त्यांनी निजा, बाकीचे बसा. टाळ खाली ठेवा. उजव्या पायाची बोटं हलकेच आवळा, पाच आकडे मोजेपर्यंत. सोडा. सोडल्यावर काय वाटतं तिकडे लक्ष द्या. आता डावा पाय. पिंडरी, मांडी. गोळा येत असेल तर आवळू नका, नुसतं सोडा. पोट. दोन्ही मुठी आवळा, सोडा. खांदे कानाकडे उचला, पडू द्या. जबडा सोडा, दातावर दात नको. कपाळाची आठी सोडा. श्वास कोंडू नका. आत येतो तसा येऊ द्या, बाहेर जाताना सावकाश जाऊ द्या.

आता उंबरठा ओलांडू. ज्याला जिथे बरं वाटतं तिथे त्यानं जावं. विटेपाशी जा, मोहाखाली जा, माहेरच्या ओसरीवर जा. तिथला उजेड बघा. तिथला वास घ्या. कोण हाक मारतंय ते ऐका. मन पळालं तर रागवू नका. लेकराला बोट धरून आणतो तसं परत आणा. तिथे थोडा वेळ बसून राहा.

आता हातापायाची बोटं हलवा. कुशीवर वळा आणि हाताच्या आधारानं सावकाश उठा, एकदम उठलात तर चक्कर येईल. रोज एवढंच करा. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं, महिनाभर. जमलं नाही तर दुसरी वाट धरून बघा.

शंभर वर्षांत या दिंडीनं कितीतरी थकलेली अंगं आणि दमलेली मनं वाहून नेली. पुढच्या वारीला निघताना प्रत्येक टोळीत दोन माणसं अशी ठेवा, की ज्यांना विसावा देता येतो आणि विसाव्याची वेळ कोणती, गाडीची वेळ कोणती, हेही कळतं. त्या माळकऱ्यांची आठवण याहून चांगली दुसरी आम्हाला सुचत नाही.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल ते पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.